खरवडलेलं पिंप

तांड्यात कुणाच्या घरी भाजी करपली, तर ती त्या घरच्या बाईच्या आधी बसंतीबाईला कळते. चार घरं पलीकडे ती अंगणात तूर पाखडत बसलेली असते. एकदम सूप थांबवते, नाक वर करते आणि म्हणते, शीलाच्या घरी वांगं लागलं बुडाला. शीला तेव्हा ओट्यावर बसून मोबाइलवर माहेरच्या गप्पा हाणत असते. मग हाक जाते, शीला पळते, वांगं कधी वाचतं, कधी वाचत नाही. पण पुढचे दोन दिवस शीला बसंतीबाईच्या दारावरून जाताना मान खाली घालून जाते. नाकाने कांदे सोलणाऱ्या बाया पुष्कळ असतात. बसंतीबाई नाकाने अख्खा तांडा राखते.

करपण्याचं आणि तिचं वैर लग्नाआधीपासूनचं. कढईच्या बुडाशी काळा डाग दिसला की तिला जेवण जात नाही. राख, नारळाची शेंडी, चिंच, विटेचा चुरा, जे हाताला लागेल ते घेऊन ती बसते आणि भांड्यात स्वतःचं तोंड दिसेपर्यंत उठत नाही. केळापूरच्या जत्रेतून घेतलेली तिची पाणी भरायची पितळी गुंडी इतकी लख्ख, की शेजारच्या बाया कुंकू लावायला येतात म्हणे. तिचा नवरा किसनसिंग राठोड अंगाने काडीपैलवान. तो कुणीही पाहुणा आला की सांगतो, "पह्यले मीबी चांगला जाडजूड होतो. हिनं घासून घासून असा केला." बसंतीबाई यावर हसत नाही. तिला ते खोटं वाटत नसावं.

तिच्या हातात आयुष्यभर दोनच वस्तू टिकल्या. घरात घासणी आणि शेतात खुरपं. कपाशी निंदून निंदून त्या खुरप्याचं पातं निम्मं झालं होतं, मूठ तिच्या मुठीच्या मापाची झाली होती. नवं आणून देतो म्हटलं तर म्हणायची, नव्याला माझा हात कळत नाही.

तिचा धाकटा, बादल, बारावीनंतर नाशिककडे गेला. तिकडे द्राक्षांची वाईन करणाऱ्या एका कंपनीत, जमिनीखालच्या थंड तळघरात तो पिंपं भरायचं, धुवायचं, फिरवायचं काम करायचा. तिथेच प्रयोगशाळेत निशिगंधा होती. यवतमाळच्याच वणीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, शिकलेली, बोलायला कमी. दोघांनी लग्न ठरवलं तेव्हा दोन्ही घरांत थोडी कुरकुर झाली, मग लापशी झाली, आणि कुरकुर लापशीबरोबर गिळली गेली. निशिगंधाला बंजाऱ्यांची गोरबोली येत नव्हती, पण बादल आईला याडी म्हणतो म्हणून तीही पहिल्या दिवसापासून याडीच म्हणू लागली. बसंतीबाईला ते आवडलं. मात्र ते दोघं नाशिकला आणि ही इकडे, त्यामुळे ती हाक बहुतेक वेळा फोनवरूनच ऐकायला मिळायची.

नंतर दोघांच्या डोक्यात जांभूळ शिरलं. झरी जामणीच्या जंगलात जांभळं किती, आणि त्यातली पायाखाली किती जातात, हे बादलने लहानपणापासून पाहिलेलं. जांभळाची लाल वाईन करायची, इथेच, आपल्या गावी. परवान्यासाठी दोघांनी खूप चपला झिजवल्या. शेवटी घराच्या मागच्या वावरात जाड भिंतींचं, वर पत्र्याचं एक शेड उभं राहिलं, त्यात स्टीलच्या टाक्या आल्या, आणि पोरगा-सून घरी राहायला आले.

आता, दारूचं नाव काढलेलं बसंतीबाईला चालत नसे. तांड्यातल्या बायांबरोबर तिने एके काळी भट्ट्या फोडल्या होत्या, आणि तेव्हाचा तिचा आवाज अजून काही पुरुषांना आठवतो. पण पोरगा घरी येतो म्हटल्यावर आईचं तत्त्व जरा सरकून बसतं. ती त्या टाक्यांना शेवटपर्यंत जांभळाचा रस म्हणत राहिली. जिभेला थेंब लावला नाही. शेड मात्र रोज झाडायची, आणि टाक्या अशा पुसायची की निशिगंधाला त्यांत केस विंचरता यावेत.

एकच गोष्ट तिला टोचायची. निशिगंधाच्या नाशिकहून आणलेल्या दोन मोठ्या बॅगा खाटेखाली तशाच होत्या. कपडे बॅगेतून निघायचे, धुवून पुन्हा बॅगेत जायचे. घरात लोखंडी कपाट होतं, त्यातला एक कप्पा बसंतीबाईने मुद्दाम रिकामा करून, कागद अंथरून ठेवला होता. तो रिकामाच राहिला. रोज केर काढताना झाडू त्या बॅगांना लागून अडायचा. बॅग भरलेली असली की माणूस निम्मा निघालेलाच असतो, असं तिला वाटे. ती विचारत मात्र नसे. विचारलं आणि हो म्हणाली तर काय करायचं?

पहिल्या हंगामाची वाईन दिवाळीच्या सुमारास चाखण्याजोगी झाली. नागपूरच्या हॉटेलांसाठी माल घेणारा संघदीप नावाचा तरुण गाडी घेऊन आला. पोरगा सभ्य होता. त्याने घोट घेतला, आणि सभ्य असूनही त्याचं तोंड आक्रसलंच. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी जाड होते आणि टाळूला चिकटते, तसं झालं होतं. रंग सुंदर आहे, तो म्हणाला, वासही चांगला; पण तुरटपणा फार आहे. हिला लाकडात मुरवा. मुरली तर सगळी घेतो.

हे निशिगंधालाही ठाऊक होतं. ओक नावाचं एक विलायती झाड असतं, त्याच्या फळ्यांच्या पिंपात लाल वाईन महिनोन् महिने ठेवतात. लाकडातून हवा अगदी हळूहळू आत जाते आणि तुरटपणाची धार बोथट होते. शिवाय लाकूड स्वतःचंही काही देतं. भाजल्या पावासारखा, मसाल्यासारखा, व्हॅनिलासारखा वास त्यातूनच येतो. पण नवं पिंप परदेशातून येतं आणि ते यांच्या ऐपतीबाहेरचं होतं. शेवटी जुन्या कंपनीकडून एक वापरलेलं पिंप मिळालं. एकच.

त्या दिवशी जेवताना बादलने आईला सरळ सांगितलं. या पिंपात काम झालं तर झालं. नाही झालं तर उन्हाळ्याच्या शेवटी शेडला कुलूप लावायचं आणि नाशिकला परत जायचं. कंपनीने तोवर जागा धरून ठेवली आहे. बसंतीबाईने मान हलवली आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

पिंप आलं ते ऐन थंडीत, टेम्पोतून. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं, पोटाशी फुगलेलं, उभं केलं तर बसंतीबाईच्या छातीला लागणारं. सारा तांडा बघायला आला. इतक्या लांबून येताना आत बुरशी तर धरली नाही ना, हे पाहायला बादलने वरच्या पट्ट्या ठोकून सैल केल्या आणि पिंपाचं एका बाजूचं झाकण काढलं. बुरशी नव्हती. झाकण लावायचं राहिलं, कारण दोघांना परवान्याच्या कामासाठी यवतमाळला जायचं होतं. तिथे एका मित्राकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परतणार होते.

ते गेले, आणि बसंतीबाई नेहमीसारखी शेड झाडायला आली. झाडता झाडता तिने पिंपात डोकावलं.

आत सगळं काळं होतं. बुडाला लागलेल्या दुधाच्या पातेल्यासारखं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिने बोट फिरवलं, बोट काळं झालं. वास घेतला. जुन्या आंबट रसाचा वास, आणि त्याच्यामागे, शंकाच नको, जळाल्याचा.

पोरं फसली, तिला वाटलं. कुण्या लबाडाने आगीत सापडलेलं पिंप बाहेरून पुसून त्यांच्या गळ्यात मारलं. आता यात रस ओतला की त्याला करपलेला वास लागणार, संघदीप तोंड वाकडं करणार, आणि खाटेखालच्या बॅगा उचलल्या जाणार. एखादीने फोन केला असता. बसंतीबाईला ते सुचलंच नाही. तिच्यासमोर करपलेलं भांडं होतं, आणि करपलेल्या भांड्याचं काय करायचं हे तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं.

घासणीने काही होईना. तिने खुरपं आणलं. पिंप आडवं पाडून दोन बाजूंनी विटा लावल्या आणि कमरेपर्यंत आत शिरली. किसनसिंग दारात येऊन म्हणाला, लेकराची वस्तू आहे, त्यांना येऊ दे. आतून उत्तर आलं ते पिंपात घुमून इतकं मोठं झालं की तो मुकाट्याने निघून गेला. मग शीला आली, शीलाने आणखी चौघींना आणलं. बसंतीबाईचे दोन पाय तेवढे बाहेर, आणि आतून खर्र खर्र आवाज. असा तमाशा तांड्याने पाहिला नव्हता. दिवसभर ती खरवडत होती, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही. काळ्या चिपा टोपल्यात भरून किसनसिंगने आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातल्या. धुराला गोडसर वास येतो, असं तो म्हणाला. पण त्याचं म्हणणं त्या घरात कुणी मनावर घेत नाही. शेवटी तिने राखेचं गरम पाणी फिरवलं, साध्या पाण्याने धुतलं, आणि पिंप आतून असं पिवळंधमक झालं जसं कालच सुताराच्या हातून निघालं.

संध्याकाळी दोघं आले तेव्हा ती दारातच उभी होती. हातांना फोड आलेले, पण चेहरा सणासारखा. निशिगंधाचा हात धरून ती तिला शेडमध्ये घेऊन गेली. "पाह्य," ती म्हणाली, "कोनं तरी तुमाले जळकं पिंप देलतं. मी सारं साफ केलं."

निशिगंधाने आत पाहिलं आणि पाहतच राहिली. बादलने डोक्याला हात लावला आणि मटकन टाकीच्या पायरीवर बसला. मग निशिगंधा अगदी हळू म्हणाली, "याडी, ते जळालं नव्हतं. ते मुद्दाम भाजलेलं होतं."

बसंतीबाईला कळेना. लाकूड कशाला कुणी मुद्दाम भाजेल?

"शेंगदाण्याची चटणी तुमी कच्च्या दाण्याची करता का?" निशिगंधाने विचारलं. "नाई ना. भाजल्याबिगर त्याले चव येते का? हे लाकूडबी तसंच हाये. कच्चं असलं तर निसतं तुरट. भाजलं तर त्यातून गोड वास सुटते. त्याच्यासाठीच तर आपण हे पिंप आनलं होतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली नाही. वळली, आणि घरात गेली. मागोमाग आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

तो आवाज बसंतीबाईने ओळखला. ती शेडच्या जमिनीवर, त्या पिवळ्याधमक पिंपाशेजारी बसली. करायला गेली एक आणि झालं एक. ज्या बॅगा जागच्या हलू नयेत म्हणून जीव टाकला, त्या आपल्याच खुरप्याने आपण बाहेर काढल्या. तिला रडूसुद्धा येईना.

निशिगंधा परत आली तेव्हा तिच्या हातात फोनचा चार्जर होता. फोन बंद पडला होता आणि चार्जर बॅगेत होता, एवढंच. बसंतीबाईने त्या चार्जरकडे असं पाहिलं, जसं कुणी हरवलेलं वासरू परत आलेलं पाहतं.

फोन लागला नाशिकच्या भगवानरावांना. त्यांचं सारं आयुष्य वाईनची पिंपं दुरुस्त करण्यात गेलेलं. निशिगंधाने स्पीकर लावला आणि झालेलं सांगितलं. पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. म्हातारा हसत होता.

त्यांनी विचारलं, किती खोल खरवडलंय? बादलने पिंपाच्या कडेशी बोट लावून पाहिलं आणि सांगितलं, काडेपेटीच्या काडीच्या जाडीएवढं, कुठे थोडं कमी, कुठे जास्त. भगवानराव म्हणाले, "मग तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. ते पिंप चार-पाच वेळा भरून झालेलं होतं, चोखून टाकलेल्या उसासारखं. त्याने तुमच्या वाईनला हवा दिली असती, पण वास काडीचा दिला नसता. तिने वरचं खरवडलं, खालचं ताजं लाकूड उघडं पडलं. आम्ही हेच करतो. पण आता तसंच भरू नका हं, फार तुरट होईल. आधी भाजा."

बसंतीबाईने पुन्हा पुन्हा विचारलं, काय म्हणाला तो, नमस्कार म्हणाला? बादलने सांगितलं, हो, नमस्कार म्हणाला. तिच्या डोळ्यांतून आता पाणी आलं. निम्मा जीव परत आला होता. उरलेला निम्मा त्या पिंपाच्या भाजण्यावर टांगलेला राहिला.

आधी पाणी भरून पाहिलं, तर दोन फळ्यांमधून धार लागली. पण त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. कोरडं लाकूड आक्रसतं आणि भिजलं की फुगून मिटतं, हे बादलला तळघरात शिकवलेलं आणि किसनसिंगला बैलगाडीच्या चाकाने. उन्हाळ्यात चाकाची लोखंडी धाव ढिली झाली की तोही चाक नाल्यात टाकून ठेवायचा. गळती थांबली, फळ्या वाळल्या, आणि एका सकाळी बादलने दुसऱ्या बाजूचंही झाकण काढून पिंप अंगणात उभं केलं. खाली लोखंडी घमेलं, त्यात बाभळीचे निखारे. निशिगंधा हातात तापमान मोजायचं यंत्र घेऊन आणि बादल ओलं फडकं घेऊन. बसंतीबाई तोंडाला पदर लावून.

पहिल्यांदा ओल्या लाकडाचा वास आला. मग भाकरी तव्यावर टाकल्याचा. मग पाव भाजल्याचा. लाकूड आतून पिवळ्याचं बदामी झालं, आणि बसंतीबाई पुढे झाली.

"बास," ती म्हणाली. "काढा निखारे."

निशिगंधाने यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "अजून थोडं."

"आता लागन ते. मले कळते."

"लागू नाई देत, याडी. पण अजून."

चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ज्या क्षणी तिने भांडं उतरवलं असतं, तो क्षण आला आणि निघून गेला. निखारे तसेच. तिचे हात आपोआप घमेल्याकडे गेले, बादलने धरले. तिला ते सोसवेना. ती उठली आणि तडक कडुलिंबाकडे चालती झाली, पाठ फिरवून उभी राहिली, नाक गच्च दाबून. सासूला भाजायला ठेवलंय की पिंपाला, असं शीला कुंपणापलीकडून म्हणाली आणि तिचं तिलाच हसू आलं.

नाक तरी किती वेळ दाबणार? तिने श्वास घेतला, करपल्याचा वास येणार या तयारीने. तो आला नाही. आला तो वेगळाच वास. तूर खमंग भाजल्यावर येतो तो, आणि त्याच्यामागून गुळाच्या पाकाच्या कडेचा, अगदी गोड. ती वळली. निशिगंधा तेव्हाच म्हणत होती, आता काढा. पिंप आतून दाट तपकिरी झालं होतं. काळं नव्हतं.

बसंतीबाई जवळ जाऊन बराच वेळ वास घेत राहिली. भाजलेलं आणि करपलेलं यांच्यामध्ये एवढी जागा असते, हे तिला माहीतच नव्हतं. ती आजवर नेहमी घाबरून आधीच भांडं उतरवत आली होती. आपल्याला सगळं कळतं असं वाटणाऱ्या माणसाला या वयात एखादी गोष्ट नवी कळावी, याचा तिला राग यायला हवा होता. राग आला नाही. उलट फार हलकं वाटलं. घरात आपल्यापेक्षा जास्त कळणारं कुणीतरी आहे, आणि ते आपलंच आहे.

वाईन भरली. मग उन्हाळा आला, यवतमाळचा उन्हाळा, ज्यात माणसं सुकतात तिथे पिंपाची काय कथा. शेडच्या भिंती जाड असल्या तरी पुरेनात. घरात एकच कुलर होता, तो उचलून पिंपासमोर गेला. बसंतीबाई सकाळ-संध्याकाळ बारदानं भिजवून पिंपाभोवती घालायची. किसनसिंगची खाट कडुलिंबाखाली गेली. "जावई आला घरी," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "कुलर त्याले, वलं बारदान त्याले. मी सासरा, मी घामाघूम."

मधूनमधून निशिगंधा काचेच्या नळीने थोडी वाईन काढून चाखायची. बसंतीबाई तेव्हा काहीतरी काम काढून शेडमध्ये असायचीच. सुनेच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते बघायची. काही दिसायचं नाही. बघू, एवढंच ती म्हणायची. या बाईला पत्ते खेळायला बसवलं असतं तर तांडा लुटला असता.

वैशाखात संघदीप पुन्हा आला. बसंतीबाई दाराआड उभी राहिली. त्याने ग्लास फिरवला, वास घेतला, घोट घेतला. तोंड आक्रसलं नाही. त्याने दुसरा घोट घेतला. मग विचारलं, "हे तेच हाय का?"

तेच आहे, बादल म्हणाला. संघदीपने सांगितलं, आधी जांभूळ येतं, अगदी जंगलातलं. तुरटपणा आहे, पण आता चावत नाही. आणि गिळल्यावर मागे काहीतरी भाजल्यासारखं, गुळासारखं राहतं. मग म्हणाला, सगळं घेतो. आणि पुढच्या वर्षी याच्यापेक्षा जास्त लागेल.

तो गेल्यावर बसंतीबाईने त्याचा रिकामा ग्लास उचलला. जिभेला लावला नाही. नाकाशी धरला. जांभूळ होतं, आणि त्याच्या पाठीमागे तो अंगणातला वास होता. तिचा जीव भांड्यात पडला. तिने तो ग्लास नेहमीसारखा राखेने न घासता तसाच फडताळात ठेवला, असं शीला सांगते, आणि यावर तांड्यात अजून कुणाचा विश्वास बसत नाही.

एवढं होऊनही कुणी तिला राहतो म्हणून सांगितलं नव्हतं. बादलचे नाशिकला फोन चालूच होते. उन्हाळा सरत आला होता. ती विचारत नव्हती. बोलल्याने दृष्ट लागते.

आणि मग एका सकाळी केर काढताना खाटेखाली झाडू सरळ भिंतीला जाऊन लागला. बॅगा नव्हत्या.

तिने वाकून पाहिलं. दोन चौकोनी जागा, धूळ नसलेल्या. घरात बादल नव्हता, निशिगंधा नव्हती. पहाटे टेम्पोचा आवाज आलेला तिला आठवला. सांगूनसुद्धा गेली नाहीत, तिला वाटलं, रडेन म्हणून सांगितलं नाही. झाडू तिथेच टाकून ती मागच्या वावरातून अनवाणी पळत सुटली, काटे न बघता, आणि शेडच्या दारात येऊन धापा टाकत थांबली.

आत जुन्या पिंपाशेजारी दुसरं पिंप आडवं ठेवलेलं होतं. तसंच, पोटाशी फुगलेलं, झाकण काढलेलं, आतून काळंकुट्ट. दोन बाजूंनी विटा लावलेल्या. भिंतीशी निशिगंधाच्या दोन्ही बॅगा उघड्या पडल्या होत्या, आणि त्यांत बाटल्यांची बुचं काठोकाठ भरलेली होती. बादल झाकण पुसत होता. निशिगंधा हात झटकत उठली.

"याडी, खुरपं कुठं ठेवलं? सारं घर शोधलं मी. कपाटबी पाह्यलं, तिथं तर माह्येच कपडे हायेत."

बसंतीबाई दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. "मले वाटलं तुमी गेले," ती म्हणाली, आणि मग तिला जे रडू आलं ते थांबेना. इतके महिने साठवलेलं होतं ते.

निशिगंधा तिच्याजवळ येऊन बसली. तिने सासूच्या पायातला काटा काढला आणि तो बाहेर फेकला. "कुठं जाऊ?" ती म्हणाली. "मंग हे कोन खरवडन?"

खुरपं गोठ्याच्या आढ्यात खोचलेलं होतं. बसंतीबाईने ते आणलं, पदर खोचला, डोळे पुसले आणि पिंपात शिरली. खर्र खर्र सुरू झालं. कुंपणाशी शीला आली, शीलाने इतरांना हाक मारली. किसनसिंगने कुलरकडे एकदा पाहून घेतलं. थोड्या वेळाने पिंपातून बसंतीबाईचा घुमणारा आवाज आला, "भाजाच्या येळी मले बोलावजो वो, निशी. या बारीले मी पळत नाई."

हो म्हणत निशिगंधाने पिंप हलू नये म्हणून ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.